न्यूट्रॉनची एनर्जी क्रिस्टलने मोजायची कशी? बीमवर नवीन येणाऱ्यांसाठी

न्यूट्रॉन बीमवर पहिल्यांदा काम करायला येणाऱ्या बऱ्याच पोरांचा एक समज पक्का असतो, की डिटेक्टर आहे ना, मग पल्स बघायचा, पल्स मोठा तर एनर्जी जास्त. एमएस्सीच्या लॅबमध्ये सोडियम आयोडाइडवर गॅमाचा स्पेक्ट्रम काढलेला असतो, तिथून ही सवय लागते. थर्मल न्यूट्रॉनला हे अजिबात चालत नाही. हेलियम-३ च्या ट्यूबमध्ये न्यूट्रॉन शिरला की प्रोटॉन आणि ट्रिटॉन सुटतात आणि दर वेळी ७६४ किलो-ईव्ही बाहेर पडतात. आता तुमचा न्यूट्रॉन ५ मिली-ईव्हीचा होता की १०० मिली-ईव्हीचा, हा फरक त्या ७६४ किलो-ईव्हीपुढे कुठे दिसणार? टोलनाक्यावरच्या पावत्या मोजून गाड्या किती गेल्या ते कळतं, कुठली गाडी किती स्पीडने आली होती ते कळत नाही, तसंच.

म्हणजे डिटेक्टर फक्त मोजणार. एनर्जी सांगणार तो क्रिस्टलचा अँगल, आणि अँगलवर विश्वास ठेवायचा तर तो अँगल खरा आहे की नाही हे आधी आपणच तपासायचं. खाली जे काही लिहिलंय त्यातलं निम्म्याहून जास्त याच एका कामाबद्दल आहे, कारण फॉर्म्युला पाच मिनिटांत समजतो आणि अलाइनमेंटला अख्खा दिवस जातो.

आधी दोन आकडे पाठ करा

न्यूट्रॉन लाटेसारखा वागतो, आणि त्याची वेव्हलेंग्थ अँगस्ट्रॉममध्ये हवी असेल तर ९.०४५ ला एनर्जीच्या वर्गमुळाने भागायचं (एनर्जी मिली-ईव्हीमध्ये). उलटं जायचं असेल तर ८१.८ ला वेव्हलेंग्थच्या वर्गाने भागायचं. बस. २५.३ मिली-ईव्हीचा न्यूट्रॉन साधारण १.८ अँगस्ट्रॉमचा असतो आणि सेकंदाला २२०० मीटर पळतो, हे तीन आकडे एकमेकांशी जुळतात की नाही ते स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा, म्हणजे डोक्यात बसेल.

क्रिस्टलमध्ये अणूंचे थर एकमेकांपासून अँगस्ट्रॉमभर, दोन-तीन अँगस्ट्रॉमवर असतात, म्हणजे थर्मल न्यूट्रॉनच्या वेव्हलेंग्थच्याच मापाचे. म्हणून ब्रॅगचा नियम लागतो: वेव्हलेंग्थ = २ × डी × साइन थीटा. डी म्हणजे दोन थरांमधलं अंतर, थीटा म्हणजे बीम आणि थर यांच्यातला अँगल. क्रिस्टलवर सगळ्या एनर्जीचे न्यूट्रॉन येऊन आदळतात, त्यातले ज्यांची वेव्हलेंग्थ त्या अँगलला बसते तेवढेच परावर्तित होतात, बाकीचे सरळ निघून जातात. क्रिस्टल फिरवा, दुसरी वेव्हलेंग्थ निवडली जाते.

इथे दोन घोळ होतात ते आत्ताच सांगून ठेवतो. एक, फॉर्म्युल्यात थीटा असतो पण डिटेक्टरचा आर्म फिरतो तो टू-थीटाने, आणि कंट्रोल स्क्रीनवर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे कुठला आकडा साइनमध्ये घालताय ते बघून घाला. दुसरा, मिली-ईव्ही आणि मेगा-ईव्ही. न्यूक्लियर फिजिक्सवाल्यांशी बोलताना नुसतं "एमईव्ही" म्हणालात तर समोरचा तुमच्यापेक्षा अब्जपट मोठ्या एनर्जीबद्दल बोलत असतो आणि तुम्हाला दोघांनाही पत्ता नसतो.

थोडा इतिहास, फार नाही. न्यूट्रॉन सापडला १९३२ ला, आणि तो क्रिस्टलवरून डिफ्रॅक्ट होतो हे १९३६ मध्येच दाखवलं गेलं, पण रेडियम-बेरिलियमसारख्या सोर्समधून इतके कमी न्यूट्रॉन मिळायचे की एनर्जी निवडून मोजमाप करणं शक्यच नव्हतं. रिॲक्टर आले तेव्हा १९४० च्या दशकात अमेरिकेत आर्गॉन आणि ओक रिजच्या लॅबमध्ये क्रिस्टल स्पेक्ट्रोमीटर उभे राहिले. पुढे कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्राम ब्रॉकहाउसने एक क्रिस्टल नमुन्याच्या आधी आणि एक नमुन्यानंतर लावून ट्रिपल-ॲक्सिस स्पेक्ट्रोमीटर बनवला, ज्याच्यासाठी १९९४ चं नोबेल त्याला क्लिफर्ड शल बरोबर मिळालं. आपल्याकडचा धागा इथेच जुळतो. पी. के. अय्यंगार चॉक रिव्हरला जाऊन ब्रॉकहाउसबरोबर जर्मेनियमच्या फोनॉनवर (क्रिस्टलमधल्या अणूंची सामूहिक कंपनं) काम करून आले आणि ट्रॉम्बेत न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटरची परंपरा त्यांच्यापासून चालू झाली, आधी अप्सरा रिॲक्टर, मग सायरस, आणि १९८५ पासून १०० मेगावॅटचा ध्रुव. आज युनिव्हर्सिटीतली मुलं ध्रुववर बीमटाइम घेऊन येतात त्यांच्यासाठीच हा लेख आहे असं समजा, तरी मांडणी कुठल्याही रिॲक्टरला लागू पडेल.

क्रिस्टल कुठला घ्यायचा

हे एनर्जीवरून ठरतं, आवडीवरून नाही. नेहमीचे यशस्वी कलाकार असे: पायरोलिटिक ग्राफाइट ००२ (डी ३.३५४ अँगस्ट्रॉम), सिलिकॉन १११ (३.१३६), जर्मेनियम १११ (३.२६६), कॉपर १११ (२.०८७), कॉपर २२० (१.२७८). नावापुढचे तीन आकडे म्हणजे क्रिस्टलमधले कुठले थर वापरायचे त्याची खूण.

ग्राफाइट सगळ्यात लाडकं, कारण परावर्तन जबरदस्त, चांगल्या तुकड्यात ७०-८० टक्क्यांपर्यंत जातं, आणि ग्राफाइट न्यूट्रॉन फारसे खातही नाही. पण मोठी एनर्जी हवी असेल तर ग्राफाइटचा हट्ट धरू नका. का ते आकड्यातच बघा. एनर्जीतला फैलाव काढायचा साधा नियम असा की डेल्टा-ई भागिले ई = २ × कॉट थीटा × डेल्टा-थीटा (डेल्टा-थीटा रेडियनमध्ये). समजा तुमच्या कोलिमेटर (बीमचा फैलाव आवळणाऱ्या समांतर पत्र्यांचा संच) आणि क्रिस्टलमुळे अँगलचा फैलाव अर्धा डिग्री आहे. १४.८ मिली-ईव्हीला म्हणजे २.३५ अँगस्ट्रॉमला ग्राफाइटवर थीटा येतो २०.५ डिग्री, आणि फैलाव येतो ४.७ टक्के, म्हणजे ०.७ मिली-ईव्ही. ठीक आहे, चालण्यासारखं. आता त्याच ग्राफाइटवर १०० मिली-ईव्ही मागा. थीटा घसरतो पावणेआठ डिग्रीवर आणि फैलाव १२.८ टक्के, जवळजवळ १३ मिली-ईव्ही! यात फोनॉन कुठला शोधणार? तीच १०० मिली-ईव्ही कॉपर २२० वर घ्या, थीटा २०.७ डिग्री, फैलाव परत ४.६ टक्के. म्हणजे लहान एनर्जीला मोठा डी, मोठ्या एनर्जीला छोटा डी, थीटा फार लहान होऊ द्यायचा नाही, एवढंच गणित. छोट्या डीमध्ये इंटेन्सिटी जाते, ती किंमत मोजावी लागते, रडत बसायचं नाही.

हाच नियम दुसऱ्या टोकाला नेला तर मजा येते. थीटा ९० डिग्रीकडे नेला की कॉट शून्याकडे जातो आणि रिझॉल्यूशन भन्नाट होतं. बॅकस्कॅटरिंग स्पेक्ट्रोमीटर यावरच चालतात, सिलिकॉन १११ वर ६.२७ अँगस्ट्रॉम म्हणजे २.०८ मिली-ईव्हीला, आणि तिथे फैलाव एका मायक्रो-ईव्हीच्याही खाली जातो. पण ते नवख्याचं काम नाही, सध्या सोडा.

अजून एक, अगदी परफेक्ट क्रिस्टल चांगला असं वाटतं ना? नाही. परफेक्ट सिलिकॉन फक्त अतिशय बारीक अँगलच्या पट्ट्यातले न्यूट्रॉन घेतो आणि बाकी सगळे वाया जातात. आपल्याला थोडा "मोडका" क्रिस्टल हवा असतो, ज्यात छोटे-छोटे तुकडे एकमेकांशी जरा तिरके असतात. याला मोझाइक म्हणतात. ग्राफाइटचा मोझाइक साधारण ०.४ ते ०.५ डिग्री असतो, म्हणून तर तो इतका उजेड देतो.

शटर उघडायच्या आधी

टीएलडी बॅज (अंगावर किती रेडिएशन पडलं ते नोंदवणारा) छातीवर आहे का, एरिया मॉनिटर चालू आहे का, इंटरलॉक टेस्ट झालाय का, आणि बीम स्टॉप जिथे असायला हवा तिथेच आहे का. हे विचारायला लाज वाटून घेऊ नका, उलट न विचारणाऱ्यालाच अनुभवी लोक ओरडतात.

शिल्डिंगमध्ये दोन गोष्टी असतात, वेगवान न्यूट्रॉन मंद करायला बोरॉन मिसळलेलं पॅराफिन किंवा पॉलिथिन, आणि मंद झालेले गिळायला बोरॉन किंवा कॅडमियम. कॅडमियमचा पत्रा कात्रीने कापता येतो म्हणून स्लिट बनवायला सगळे तोच घेतात, पण कॅडमियमने न्यूट्रॉन गिळला की कडक गॅमा सोडतो, आणि तो पत्रा विषारी आहे, हाताळल्यावर हात धुवा, नुसत्या हाताने घासू नका. आणि कॅडमियम साधारण अर्ध्या ईव्हीच्या वरच्या न्यूट्रॉनला काही अडवत नाही, हे विसरून लोक बॅकग्राउंड का जात नाही म्हणून डोकं फोडत बसतात.

क्रिस्टल बसवणं आणि रॉकिंग

क्रिस्टल गोनिओमीटरवर बसतो, त्याला फिरवायची एक मोटर आणि दोन्ही बाजूंना कलवायच्या दोन. पहिल्यांदा लेसर लावून क्रिस्टलचा पृष्ठभाग साधारण उभा आणि सेंटरवर आहे बघायचं. ग्राफाइटमध्ये थर पृष्ठभागाला समांतरच असतात म्हणून लेसरने बरंच काम होतं, पण कापलेल्या कॉपरच्या तुकड्यात थर आणि पृष्ठभाग यांच्यात एखाद-दोन डिग्रीचा तिरकेपणा असू शकतो, तिथे लेसरवर भरवसा ठेवू नका.

मग डिटेक्टर अपेक्षित टू-थीटावर ठेवा (२.३५ अँगस्ट्रॉमला ग्राफाइटचा ४१.०) आणि क्रिस्टल हळूहळू फिरवा, ०.१ डिग्रीच्या पावलाने. काउंट वाढत जाऊन उतरतात, याला रॉकिंग कर्व्ह म्हणतात. चांगला असेल तर एक गुळगुळीत टेकडी दिसते. दोन टेकड्या दिसल्या तर बहुधा क्रिस्टलचे दोन मोठे तुकडे आहेत, किंवा तुकडे जोडून बनवलेल्या मोनोक्रोमेटरमध्ये (एनर्जी निवडणारा हाच पहिला क्रिस्टल) एक तुकडा हललाय. एका बाजूला शेपूट लांब असेल तर क्रिस्टलचा काही भाग बीमच्या बाहेर गेलाय का ते बघा, क्रिस्टल आडवा सरकवून. टेकडीच्या शिखरावर थांबून मग कलवायच्या मोटरने परत जास्तीत जास्त काउंट शोधा, आणि परत रॉकिंग करा. ही तीन कामं एकमेकांवर अवलंबून आहेत, त्यामुळे दोन-तीन फेऱ्या मारल्याशिवाय गती नाही.

काउंट सेकंदावर मोजू नका, मॉनिटरवर मोजा. मॉनिटर म्हणजे बीममध्ये ठेवलेला एक अशक्त डिटेक्टर (बऱ्याचदा फिशन चेंबर), जो अगदी थोडे न्यूट्रॉन पकडतो आणि बाकीचे जाऊ देतो. रिॲक्टरची पॉवर वर-खाली होते, आणि "६० सेकंद" मोजलेलं सकाळचं आणि संध्याकाळचं सारखं नसतं. "मॉनिटरचे एक लाख काउंट होईपर्यंत" असं मोजलं की हा प्रश्नच मिटतो.

शून्य कुठे आहे?

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि सगळ्यात जास्त लोक इथेच घाई करतात.

आर्मवरचा टू-थीटाचा शून्य म्हणजे डिटेक्टर बीमच्या बरोब्बर समोर. हे बघायला डिटेक्टर सरळ बीमखाली आणतात, पण तसाच आणू नका! एवढ्या काउंट रेटला डिटेक्टरचा डेड टाइम (एक न्यूट्रॉन मोजून दुसरा मोजायला तयार होईपर्यंतचा वेळ) गच्च भरतो आणि टेकडीचं शिखर चपटं होतं, ट्यूबलाही ते बरं नाही. कॅडमियमची बारीक फट ठेवा किंवा पर्स्पेक्सचा जाड तुकडा मध्ये घाला, म्हणजे बीमची इंटेन्सिटी कमी होईल.

पण त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे सिलिकॉनची पावडर. व्हॅनेडियमच्या डबीत भरून, मोनोक्रोमेटरवरून आलेल्या बीममध्ये सॅम्पल टेबलवर ठेवायची. २.३५ अँगस्ट्रॉमला सिलिकॉनचे पीक इथे यायला हवेत: १११ चा ४४.०२ डिग्रीला, २२० चा ७५.४६ ला, ३११ चा ९१.७१ ला. आता १११ चा पीक बीमच्या डावीकडेही मोजा आणि उजवीकडेही. समजा एका बाजूला ४४.१२ आला आणि दुसऱ्या बाजूला ४३.९२. मग तुमचा शून्य ०.१० ने सरकलेला आहे, आणि खरा अँगल दोघांच्या मधोमध, ४४.०२. एका बाजूनेच मोजून वेव्हलेंग्थ "करेक्ट" करणारे लोक मी बघितलेत, त्यांची वेव्हलेंग्थ दर बीमटाइमला वेगळी असते आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

शून्य नीट झाला तरी पीक जागेवर नसतील तर मग वेव्हलेंग्थ चुकलीय. दोघांतला फरक ओळखायचा कसा? शून्याची चूक सगळ्या पीकना सारखीच ढकलते. वेव्हलेंग्थची चूक मोठ्या अँगलला जास्त ढकलते, टॅन थीटाच्या प्रमाणात. उदाहरणार्थ वेव्हलेंग्थ २.३५ समजताय पण खरी २.३६ आहे, तर १११ चा पीक ०.२ डिग्रीने सरकेल आणि ३११ चा ०.५ डिग्रीने. तेवढ्यात तुमची एनर्जी १४.८१ ची १४.६९ झाली. तीन-चार पीक घेऊन सरळ रेषा बसवा, दोन्ही चुका एकाच वेळी वेगळ्या निघतात. पावडरचा डबा टेबलच्या सेंटरवर नसेल तर तिसरीच चूक शिरते, जी या दोन्हींसारखी दिसू शकते, म्हणून डबा आधी दुर्बिणीने किंवा लेसरने सेंटरवर आणा, आणि मग बाकीचं.

जाता जाता, त्या वेव्हलेंग्थला ६०.३ डिग्रीच्या आसपास एक पीक दिसला आणि तो तुमच्या नमुन्याच्या यादीत नसेल तर नवीन फेज सापडली म्हणून नाचू नका. तो ॲल्युमिनियमचा १११ आहे, तुमच्या होल्डरचा नाहीतर क्रायोस्टॅटच्या (नमुना थंड ठेवायच्या भांड्याच्या) भिंतीचा. डबीला व्हॅनेडियम घेतात ते याचसाठी, व्हॅनेडियमचे ब्रॅग पीक जवळजवळ नसतातच.

चोर वाटेने येणारे न्यूट्रॉन

ब्रॅगच्या नियमात डावीकडे वेव्हलेंग्थला गुणणारा खरं तर "एन" असतो (१, २, ३ असा पूर्णांक), मघाशी मी तो गाळला. एन = २ घेतला तर त्याच अँगलला अर्ध्या वेव्हलेंग्थचे न्यूट्रॉनही परावर्तित होतात, आणि अर्धी वेव्हलेंग्थ म्हणजे चौपट एनर्जी. म्हणजे तुम्ही १४.८ मिली-ईव्ही मागितलेत आणि पाठोपाठ ५९ मिली-ईव्हीवालेही गुपचूप आले. थर्मल रिॲक्टरच्या स्पेक्ट्रममध्ये ५९ मिली-ईव्हीला भरपूर न्यूट्रॉन असतात, त्यामुळे हे प्रकरण किरकोळ नाही.

आलेत की नाही ते बघायला वेगळं उपकरण लागत नाही. तीच सिलिकॉन पावडर ठेवा आणि २१.६ डिग्रीला स्कॅन करा. २.३५ अँगस्ट्रॉमला सिलिकॉनचा तिथे कुठलाच पीक नसतो, सगळ्यात पहिला ४४ ला येतो. २१.६ ला काही दिसलं तर ते १.१७५ अँगस्ट्रॉमचे न्यूट्रॉन १११ वरून आलेले आहेत, रंगेहाथ पकडले गेले. चॉपर (बीमचे छोटे-छोटे तुकडे पाडणारी फिरती चकती) असेल तर आणखी सोपं, २.३५ वाले एक मीटर जायला ५९४ मायक्रोसेकंद घेतात आणि अर्ध्या वेव्हलेंग्थवाले २९७, दोन वेगळे ढीग दिसतात.

घालवायचे कसे? एक रस्ता म्हणजे सिलिकॉन किंवा जर्मेनियम १११ वापरणं, कारण डायमंड स्ट्रक्चरमध्ये २२२ चं परावर्तन जमतच नाही. एन = ३ मात्र राहतो, नऊपट एनर्जीचा, पण तिथे रिॲक्टरचे न्यूट्रॉन तुलनेने कमी असतात. दुसरा रस्ता, जो जगभर चालतो, बीममध्ये ग्राफाइटचा जाड ठोकळा ठेवायचा, थर बीमला आडवे. ठरावीक एनर्जींना, १३.७, १४.७, ३०.५, ३४.८ मिली-ईव्हीला, तो मूळचे न्यूट्रॉन जाऊ देतो आणि अर्ध्या वेव्हलेंग्थवाल्यांना बाजूला फेकतो. म्हणून इतक्या पेपरात १४.७ हाच आकडा दिसतो, त्यात जादू काही नाही, फिल्टर तिथे चालतो एवढंच. फार कमी एनर्जीला, ५ मिली-ईव्हीच्या खाली, लिक्विड नायट्रोजनने थंड केलेला बेरिलियमचा ठोकळा घेतात, तो ५.२ च्या वरचं जवळपास सगळं उडवतो.

बीमचा स्पेक्ट्रम काढायचा असेल तर

आता एनर्जी विश्वासाने सांगता येते, मग थीटा बदलत जा आणि प्रत्येक ठिकाणी काउंट लिहा. ग्राफ दिसायला छान येईल पण तो अजून स्पेक्ट्रम नाही, त्याला काही करेक्शन लागतात.

डिटेक्टरची एफिशियन्सी एनर्जीवर अवलंबून असते. हेलियम-३ चा क्रॉस सेक्शन (न्यूट्रॉन पकडायची ताकद, बार्नमध्ये मोजतात) २५.३ मिली-ईव्हीला ५३३३ बार्न, आणि वेग वाढला की त्या प्रमाणात कमी होतो. चार वातावरण दाबाच्या एक इंची ट्यूबचा हिशोब केला तर २५ मिली-ईव्हीला साधारण ७४ टक्के न्यूट्रॉन पकडले जातात, आणि १०० ला फक्त ४९. म्हणजे करेक्शन केलं नाही तर मोठ्या एनर्जीचा भाग खोटा-खोटा बुटका दिसणार. तसंच क्रिस्टलचं परावर्तनही वेव्हलेंग्थनुसार बदलतं, आणि ठरावीक अँगलच्या फटीत किती वेव्हलेंग्थ मावते ते कॉस थीटाने बदलतं. मॉनिटरचं म्हणाल तर तो मोनोक्रोमेटरच्या नंतर असेल तर स्पेक्ट्रमसाठी त्याच्यावर मोजून चालणारच नाही, तो तुमच्या सिग्नलबरोबरच वर-खाली होतो आणि भागाकारात स्पेक्ट्रमच गायब. या कामाला मॉनिटर क्रिस्टलच्या आधी हवा, नाहीतर रिॲक्टरची पॉवर लिहीत वेळेवर मोजा.

आणि एक गंमत, ज्यावरून दर बॅचला वाद होतो. वेव्हलेंग्थवर काढलेला स्पेक्ट्रम आणि एनर्जीवर काढलेला स्पेक्ट्रम यांचे शिखर एकाच न्यूट्रॉनवर येत नाहीत. रूम टेंपरेचरच्या मॅक्सवेल स्पेक्ट्रमचं शिखर एनर्जीच्या ग्राफवर २५ मिली-ईव्हीला (१.८ अँगस्ट्रॉम), पण वेव्हलेंग्थच्या ग्राफवर १.१४ अँगस्ट्रॉमला, म्हणजे ६३ मिली-ईव्हीला! चूक कोणाचीच नाही, एका अँगस्ट्रॉमच्या खणात किती एनर्जी मावते ते जागोजागी वेगळं असतं म्हणून असं होतं. तेव्हा "पीक कुठे आहे" असं कोणी विचारलं तर आधी विचारा, कशाच्या ग्राफवर.

किती वरपर्यंत जाता येतं? कॉपर २२० वर एक ईव्हीला थीटा ६.४ डिग्री. इंडियमचा रेझोनन्स (ज्या एनर्जीला तो न्यूट्रॉन खूप जास्त गिळतो) १.४५७ ईव्हीला आहे, बीममध्ये इंडियमची पट्टी धरली की तिथे खड्डा पडतो आणि कॅलिब्रेशन तपासायला तो झकास, पण थीटा तिथे ५.३ वर आलेला असतो आणि दहा मिनिटांचा (डिग्रीतली मिनिटं) कोलिमेटर लावूनही फैलाव सहा टक्क्यांवर. त्याच्या वर टाइम-ऑफ-फ्लाइटवाल्यांना (न्यूट्रॉनला पोचायला लागणाऱ्या वेळेवरून एनर्जी काढणारे) काम करू द्या.

दुसरा क्रिस्टल

नमुन्याने न्यूट्रॉनची एनर्जी किती बदलली हे बघायचं असेल तर नमुन्यानंतर दुसरा क्रिस्टल, ॲनालायझर, लागतो. नवख्याने शेवटची एनर्जी १४.७ ला बांधून ठेवावी, ग्राफाइट फिल्टर नमुना आणि ॲनालायझरच्या मध्ये, आणि फक्त मोनोक्रोमेटर फिरवावा. नमुन्याच्या जागी आधी व्हॅनेडियमचा तुकडा ठेवा, तो न्यूट्रॉनची एनर्जी न बदलता सगळीकडे उडवतो. एनर्जीतल्या फरकाचा पीक शून्यावर यायला हवा. तो ०.३ वर आला तर तुमचे दोन क्रिस्टल एकमेकांशी सहमत नाहीत, आणि कुठला खोटं बोलतोय ते परत सिलिकॉन पावडरने ठरवायचं. त्या पीकची रुंदी म्हणजे तुमच्या मशीनचं खरं रिझॉल्यूशन, कागदावरचं नाही. ती लिहून ठेवा, रेफ्री विचारणार.

वहीत स्कॅन नंबर, कोलिमेटर कुठले, फिल्टर आत की बाहेर, मॉनिटरचा आकडा, रिॲक्टरची पॉवर, एवढं तरी हाताने लिहा, कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये फिल्टर कोणी हाताने काढला ते येत नाही.

काम संपल्यावर नमुना खिशात घालून निघू नका. न्यूट्रॉनमध्ये राहिलेला कॉपर रेडिओॲक्टिव्ह होतो, त्यातल्या कॉपर-६४ चं हाफ-लाइफ १२.७ तास, मँगनीजवाला नमुना असेल तर अडीच तासांच्या आसपास, सोडियमवाला असेल तर १५ तास. ॲल्युमिनियमची डबी सव्वादोन मिनिटांच्या हाफ-लाइफने लवकर शांत होते, पण आतल्याचं तसं नसतं. हेल्थ फिजिक्सवाल्यांकडून मोजून घ्या, ते म्हणाले ठेवून जा तर ठेवून जा, पुढच्या आठवड्यात पोस्टाने मागवता येतो.